‘ताठ बसा’ म्हणण्याआधी

पाठीच्या मधल्या भागात दुखते अशी तक्रार घेऊन आलेल्या रुग्णाला भौतिकोपचार कक्षात पहिली सूचना बहुधा ‘जरा ताठ बसा’ अशीच मिळते आणि त्याची रोजची बैठक व त्या बैठकीतला श्वास तपासणीआधीच नाहीसा होतो. मानेखालच्या 12 वक्षीय मणक्यांना बरगड्यांच्या 12 जोड्या सांध्यांनी जोडलेल्या असतात. श्वास घेताना वरच्या बरगड्या उरोस्थीला पुढे-वर उचलतात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूंना उघडतात, आणि विश्रांतीतही मिनिटाला 12 ते 20 श्वास चालत असल्यामुळे या सांध्यांना झोपेतही उसंत नसते. पोक काढून बसल्यावर पोट दाबले जाते, श्वासपटलाला, म्हणजे छाती व उदर यांमधल्या घुमटाकार स्नायूला, खाली सरकणे जड जाते आणि मानेचे स्नायू मदतीला येतात. मात्र एवढ्यावरून पोकाला दोषी धरणे घाईचे ठरेल, कारण पोक असलेली कितीतरी माणसे वेदनेविना वावरतात आणि दुखते म्हणून खोल श्वास टाळणारा रुग्णही हुबेहूब तसाच दिसतो.

श्वास मोजला जात आहे हे कळताच तो बदलतो, म्हणून नाडी पाहण्याच्या निमित्ताने तो पूर्ण मिनिटभर मोजण्याची जुनी युक्ती आजही उत्तम. त्यानंतर रुग्णाच्या मागे बसून तळहात खालच्या बरगड्यांवर व अंगठे कण्यालगत ठेवावेत. श्वासागणिक दोन्ही अंगठे सारखेच दूर जातात की एक जागेवरच राहतो, हे पाहावे आणि मग रुग्णाला ताठ बसवून, हात टेकवून तीच तपासणी पुन्हा करावी. बैठक बदलताच श्वास आणि वेदना दोन्ही बदलल्या, तरच बैठकीवर उपचार करण्यात अर्थ आहे.

छातीचा फुगवटा टेपने चौथ्या बरगडीखालच्या फटीच्या पातळीवर मोजावा; तो तरुण रुग्णात 2.5 सेंटिमीटर किंवा कमी भरला आणि सकाळचा ताठरपणाही असला, तर कणा ताठरवणाऱ्या संधिदाहाची शंका घ्यावी. संध्याकाळचा ताप, घटते वजन व रात्रीची वेदना असल्यास कण्याचा क्षयरोग आपल्याकडे विसरून चालत नाही, आणि श्वासाबरोबर टोचणारी कळ व दम एकत्र असतील तर रुग्णाला व्यायाम न देता तातडीने डॉक्टरांकडे पाठवावे.

केसपेपरवर हालचालींच्या अंशांसाठी रकाने असतात, श्वासासाठी सहसा नसतात. वाचकांनी निदान श्वासगती आणि दोन्ही बैठकींतला फुगवटा, एवढे दोन रकाने स्वतः आखून घ्यावेत.