‘मुळाबरहुकूम’ : पण कोणत्या मुळाबरहुकूम?

युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांनी दिग्दर्शित केलेला ‘रामायण : द लेजेंड ऑफ प्रिन्स राम’ (१९९२) हा भारत-जपान सहकार्यातून झालेला अ‍ॅनिमेशनपट जानेवारी २०२५ मध्ये भारतातील चित्रपटगृहांत पुन्हा प्रदर्शित झाला. तेव्हा झालेल्या स्तुतीचा बराचसा भर ‘निष्ठा’ या एकाच शब्दावर होता. ‘आदिपुरुष’ (२०२३) पाहून पोळलेल्या प्रेक्षकाला असा दिलासा वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु दिलासा हा समीक्षेचा निकष नव्हे.

सात कांडांची आख्यानमाला सव्वादोन तासांच्या आसपास बसवताना हा चित्रपट राज्याभिषेकापाशी थांबतो. उत्तरकांड, म्हणजेच सीतात्याग आणि लव-कुश, त्यातून गळले आहे. उत्तरकांड प्रक्षिप्त असल्याचे मत विद्वानांत प्रचलित आहेच, असे उत्तर यावर मिळेल. मिळो. पण त्याच विद्वानांनी बालकांडाचाही मोठा भाग उत्तरकालीन मानला आहे, आणि बालकांडातले शिवधनुष्य मात्र चित्रपटाने सोडलेले नाही. तेव्हा हा पाठचिकित्सेचा निर्णय नसून अभिरुचीचा निर्णय आहे. त्याला निष्ठेचे नाव देणे ही वैचारिक अप्रामाणिकता होय.

निवड करण्यात गैर काही नाही. मराठीत रामकथा आली तीच निवडीतून. आम्ही जेऊरला बसून हे लिहितो त्या सोलापूर जिल्ह्यातलेच नाझरे हे श्रीधराचे गाव. त्याने ‘रामविजय’ (१७०३) चाळीस अध्यायांत, सुमारे ९ हजार ओव्यांत आटोपला आणि अध्यायाच्या समाप्तीला वाल्मीकी व नाटक असे दोन आधार उघडपणे नोंदवले. एकच एक ‘मूळ’ आपल्यापाशी असल्याचा दावा त्याने केला नाही. संक्षेपाची एवढी निकड असूनही लव-कुशांचे आख्यान त्याने गाळले नाही. उलट रामाच्या सेनेशी त्या दोन मुलांचे युद्ध तो रंगवून सांगतो. चातुर्मासात पोथी लावणाऱ्या श्रोत्यांना राजा आपल्याच मुलांसमोर उभा ठाकलेला ऐकायचा होता, हे त्याला ठाऊक असावे.

खरा प्रश्न इथे आहे, आणि निष्ठेच्या चर्चेत तो हरवतो. लव-कुश ही रामायणातील केवळ दोन पात्रे नव्हेत, ते त्याचे निवेदक आहेत. वाल्मीकीच्या बालकांडात ते रामासमोर काव्य गातात. ग. दि. माडगूळकरांच्या ‘गीतरामायणा’चा आरंभही त्याच प्रसंगाने होतो, पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ साली प्रसारित झालेल्या त्या ५६ गीतांना ही चौकट लाभली आहे. टाकलेल्या स्त्रीची मुले बापाला त्याचीच कथा ऐकवतात, म्हणून त्या कथेत स्तुतीइतकाच जाबही असतो. चित्रपटाने हे निवेदक काढून पडद्याबाहेरचा एक भारदस्त आवाज बसवला. तो कोणाचा, कोणासाठी बोलतो, हे कळत नाही. अशा निवेदकाला रामाविषयी काही विचारायचे नसते.

पिंगुळीच्या चित्रकथीकडे आमच्या समीक्षेने लोककलेचा नमुना म्हणूनच पाहिले. तिथे कागदावरचे चित्र स्थिर असते; वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने गाणारा कथेकरी त्याला चालवतो. श्रोत्यांकडे पाहून तो थांबतो, लांबवतो, एखादा प्रसंग आवरता घेतो. अ‍ॅनिमेशनात चित्र स्वतः चालते, त्यामुळे कथेकऱ्याची गरज उरली नाही असे वाटू लागते. या माध्यमांतराचा विचार करण्याऐवजी आमचे टीकाकार कोणता प्रसंग राहिला आणि कोणता गेला याची वाणसामानासारखी यादी करतात. अ‍ॅनिमेशन म्हणजे पोरांचा खाऊ, ही समजूत त्यामागे आहेच. वास्तववादाने मराठी समीक्षेला इतके झपाटले की अद्भुताची रवानगी तिने परस्पर बालवाङ्मयात केली. (१९८०च्या दशकात या चित्रपटाला झालेल्या विरोधातही देवाचे ‘कार्टून’ होऊ नये हा एक मुद्दा होता. भाविक आणि समीक्षक यांचे इतके एकमत क्वचित होते.)

आणि तरीही हा चित्रपट महत्त्वाचा आहे, मात्र त्याच्या स्तुतिपाठकांनी सांगितलेल्या कारणासाठी नव्हे. जागा होणारा कुंभकर्ण, समुद्र ओलांडणारा हनुमान आणि पेटलेली लंका या दृश्यांत आकारमान हाच अर्थ होतो. शब्दाला जे उपमांची रास रचून साधावे लागते ते रेषा एका हालचालीत साधते. या जागी तो वाल्मीकीला किती धरून आहे, असे विचारावेसेही वाटत नाही.