घरगुती न्यूरोफीडबॅक आणि आपला गल्ला

मेंदूच्या लहरी मोजणारा पट्टा घरी आणल्यावर त्याचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा, असे रुग्ण आता आपणांस विचारू लागले आहेत. आधी हे ध्यानी घ्यावे की या लहरी मायक्रोव्होल्टच्या असतात. पापणी लवली वा जबडा आवळला, तरी त्याहून मोठा संकेत उमटतो. म्हणून कपाळ स्वच्छ पुसून, जबडा सैल सोडून, रोज ठरावीक वेळी सराव करावा. यंत्राच्या गुणांशेजारी निद्रेची नोंदही ठेवावी. जागरणावर हा उतारा नव्हे.

फलश्रुतीविषयी मात्र संयम हवा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत एडीएचडी असलेली ७ ते १० वर्षांची १४४ मुले होती. खोटा सराव दिलेली मुलेही खऱ्याइतकीच सुधारली! नियमित वेळ आणि मोठ्यांचे लक्ष यांचा तो गुण असावा. दिनचर्या सांगणाऱ्या वैद्यांना त्याचे नवल वाटू नये. तेव्हा ‘एकाग्रता हमखास वाढेल’ अशी पाटी लावून यंत्र विकणे आम्हांस अनुचित वाटते. अपस्माराचा रुग्ण पट्ट्याच्या भरवशावर चालू गोळ्या सोडू पाहील, तर त्याला तिथल्या तिथे थांबवून त्याच्या चिकित्सकाकडे धाडावे, मग विक्री बुडाली तरी चालेल.