डोकं तिचं, नियम कुणाचा?

२०१८ मध्ये पुण्याची बुद्धिबळपटू सौम्या स्वामिनाथन हिने इराणमधल्या हमादानला होणाऱ्या आशियाई सांघिक स्पर्धेतून माघार घेतली. तिथे खेळताना डोक्यावर स्कार्फ सक्तीचा होता आणि ही सक्ती आपल्या मानवी हक्कांच्या विरोधात आहे, असं तिने जाहीरपणे सांगितलं. तिचं खूप कौतुक झालं. मीही केलं. मी स्वतः डोक्यावर ओढणी घेते, तरीही केलं.

सहा वर्षांनी पॅरिस ऑलिंपिक आलं. फ्रान्सची रिले धावपटू सुंकाम्बा सिल्ला हिला हिजाब घालून उद्घाटन सोहळ्यात भाग घेता येणार नाही, असं कळवण्यात आलं. शेवटी टोपीवर तडजोड झाली. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर प्रतिक्रिया आली, "ज्या देशात राहता, तिथला कायदा पाळा." सौम्याच्या वेळी टाळ्या वाजवणारेच हे लोक. इराणचा कायदा इराणमध्ये मोडला तर स्वातंत्र्य, आणि फ्रान्सचा कायदा खुपला तर हट्ट!

मुळात फ्रान्सचा कायदा काय म्हणतो ते तरी बघा. हिजाब घालून फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्या मुली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयात गेल्या होत्या. जून २०२३ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. राष्ट्रीय संघाच्या खेळाडू सार्वजनिक सेवेचा भाग, म्हणून त्यांनी तटस्थ दिसलं पाहिजे, हे एक वेळ समजू. पण गल्लीतल्या क्लबात रविवारी खेळणारी मुलगी कुठली सरकारी नोकर? तिच्यासाठी न्यायालयाने वेगळं कारण दिलं: सामने सुरळीत व्हावेत, वाद-संघर्ष होऊ नयेत, म्हणून महासंघ अशी बंदी घालू शकतो. म्हणजे तिच्या डोक्याकडे बघून कुणाचं डोकं फिरणार असेल, तर मैदानाबाहेर तिनेच जायचं. न्यायालयाच्याच सार्वजनिक अहवालकाराने बंदी रद्द करावी असं मत दिलं होतं. ते मानलं गेलं नाही.

सुरक्षिततेचं कारण तर केव्हाच निकालात निघालंय. २०११ मध्ये ऑलिंपिक पात्रता सामन्याआधी हिजाबमुळे इराणच्या मुलींना फिफाने खेळू दिलं नाही. २०१४ मध्ये त्याच फुटबॉलने डोकं झाकायला परवानगी दिली आणि २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाब घालून खेळली. कुणाचा गळा आवळला गेला नाही. बास्केटबॉलचा नियम तर आपल्या शीख खेळाडूंनाही नडला होता. २०१४ मध्ये चीनमधल्या वुहानला अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना पगडी उतरवायला लावली. तेव्हा अख्ख्या भारताला राग आला आणि तो योग्यच होता. २०१७ मध्ये तो नियम बदलला.

खेळाडू महासंघाच्या नियमाखाली सही करतो, कारण सही केल्याशिवाय खेळायलाच मिळत नाही. याला संमती म्हणायचं का? एकट्या मुलीसमोर महासंघ, मंत्रालय आणि न्यायालय उभं राहतं आणि तिचं वय खेळण्याचं असतं, खटले लढण्याचं नव्हे.

आता आपल्या घराकडे. इथे कुठल्याही महासंघाची बंदी नाही, तरी आठवीत गेलेली मुलगी मैदानावरून गायब होते. मागच्या वर्षी माझ्या वर्गातली, अनवाणी सगळ्यांना मागे टाकणारी पोर तालुक्याच्या स्पर्धेला आली नाही. मी घरी गेले. तिचे अब्बू अदबीने म्हणाले, "मॅडम, अब बड़ी हो गई है." फ्रान्सवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या मंडळींना यात काही गैर दिसत नाही. तिथे हिजाबसकट खेळू देत नाहीत म्हणून ओरडायचं, आणि इथे हिजाबसकटही खेळू द्यायचं नाही!

मी त्यांना मोबाइलवर इब्तिहाज मुहम्मदचा फोटो दाखवला. २०१६, रिओ, तलवारबाजीत सांघिक ब्राँझ, डोक्यावर हिजाब. त्यांनी नीट पाहिला.

"वो अमेरिका है, मॅडम."

पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे.