लोणंदच्या थंडीला हीटर कशाला?

दिवाळी सरून खंडाळा-फलटणच्या पट्ट्यात पहाटेचा गारठा जाणवू लागला की एक उपदेश दरवर्षी नव्याने ऐकू येतो. थंडी आता पूर्वीपेक्षा वाढली आहे, म्हणून गावाकडच्या माणसानेही जुनी सवय सोडावी. वाकळ-घोंगडीत कुडकुडत पडण्यापेक्षा चांगल्या प्रतीचा हीटर घ्यावा. नवे हीटर वीज कमी खातात, त्यामुळे घरही उबदार राहतं आणि पैसेही वाचतात. वर म्हाताऱ्या माणसांच्या आणि लेकरांच्या तब्येतीचा दाखला जोडला की ऐकणाऱ्याला नाही म्हणायला तोंड उरत नाही. असं सांगणारी माणसं शिकलेली आहेत आणि त्यांच्या शब्दावर विसंबून हप्त्याने हीटर घेणारी घरं आहेत. म्हणूनच या उपदेशाचा समाचार घ्यायला हवा. थंडी वाढल्याच्या दाव्यावर फार बोलायला नको. उत्तरेकडच्या वाऱ्याने चार रात्री पारा उतरला म्हणून हवामान बदलत नाही. खरा घोटाळा बचतीच्या दाव्यात आहे.

आधी आपली थंडी कसली आहे ते पाहू. लोणंद पर्जन्यछायेत येतं. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असते. पहाटे पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी २८-३० अंशांवर चढतो. रात्र आणि दिवस मिळून सरासरी काढली तर ती २० अंशांच्या आसपास येते. म्हणजे ही आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकणारी थंडी नाही. मध्यरात्रीनंतर येते आणि उन्हं वर आली की निघून जाते. सिमल्यात किंवा लंडनमध्ये दिवसही गारच असतो, तिथे बाहेरून ऊब मिळायची सोय नाही, म्हणून घर तापवावं लागतं. आपल्याकडे मात्र दुपारचं ऊन घराच्या अंगावर फुकट पडत असतं. तिथला उपाय इथे जसाच्या तसा आणणाऱ्याने हा फरक विचारातच घेतलेला नाही.

आता 'कमी वीज खाणारा हीटर' या दाव्याकडे वळू. लाल कॉइलचा असो, पंख्याचा असो, हॅलोजनचा असो की तेलाचा असो, विजेची सरळ उष्णता करणारा कोणताही हीटर एका युनिटमागे ८६० किलोकॅलरीच देतो. आठशे रुपयांचाही तेवढीच देतो आणि दहा हजारांचाही तेवढीच. हा निसर्गनियम आहे, कोणत्याही कंपनीला तो मोडता येत नाही. एखादा हीटर कमी वीज घेतो म्हणजे तो कमी ऊब देतो, एवढाच त्याचा अर्थ. यावर तेलाच्या हीटरचे कैवारी सांगतात की तेल तापून राहतं, मधेमधे हीटर आपोआप बंद होतो आणि तेवढी वीज वाचते. पण तेलात साठलेली ऊब तरी आली कुठून? आधी मीटरमधूनच ना! खोली तापली की बंद होण्याची सोय साध्या हीटरलाही जोडता येते, तिचा तेलाशी काही संबंध नाही. याला खरा अपवाद एकच, बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारा गरम-थंड एसी. तो एका युनिटमागे तिपटीच्या आसपास ऊब देऊ शकतो. पण वर्षातल्या मोजक्या आठवड्यांच्या पहाटेसाठी एवढं महागडं यंत्र भिंतीवर चढवणं याला बचत म्हणता येणार नाही.

शिवाय ही विकत घेतलेली ऊब घरात टिकते का, याचा विचार हीटरवाल्यांच्या हिशेबात कुठेच नसतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांवर पत्रा आहे. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता थेट आभाळाकडे फेकतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब धरतात आणि अंथरुणावर टपकतात, ती झोपलेल्या माणसांच्या श्वासातलीच वाफ असते. शंभर चौरस फुटांच्या खोलीवर नुसता पत्रा असेल आणि आत बाहेरपेक्षा १० अंश जास्त ऊब राखायची असेल, तर ढोबळ हिशेबाने ६०० वॉटच्या आसपास उष्णता एकट्या छपरातून निघून जाते. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, दाराखालून जाणारी वेगळीच. अशा घरात हीटर लावणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. रांजण बुजवायचं सोडून घागर कोणती घ्यावी यावर भाषण करणाऱ्याला काय म्हणावं?

आता बिल पाहू. १५०० वॉटचा हीटर रात्री ६ तास चालला तर ९ युनिट होतात, महिन्याला २७०. साध्या घराचा वापर महिना ९० युनिटांचा धरला तर तो १०० युनिटांच्या पहिल्या, स्वस्त टप्प्यात बसतो. हीटर आला की वापर ३६० वर जातो. हीटरच्या २७० युनिटांपैकी पहिल्या टप्प्यात जेमतेम १० बसतात, पुढची २०० दुसऱ्या टप्प्यात जातात आणि उरलेली ६० तिसऱ्या टप्प्यात. दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या दुपटीच्या घरात आहे आणि तिसऱ्याचा त्याहून चढा. म्हणजे हीटरची जवळजवळ सगळी वीज महागड्या दराची असते. छतावर सौर पॅनेल बसवा म्हणजे प्रश्न मिटला, असंही कोणी म्हणेल. पण एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाकाठी ४ युनिटांच्या आसपास वीज देतं, आणि हा हीटर एका रात्रीत दोन किलोवॉटच्या पॅनेलची दिवसभराची कमाई संपवतो.

इथे दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही उत्तर देणं आलं, कारण हीटरला विरोध केला की ते आपल्याला त्यांच्यात ओढतात. वीज नको, आपली चूल आणि शेगडी बरी, सरपण फुकटच असतं, असं त्यांचं म्हणणं. सरपण फुकट वाटतं, कारण ते गोळा करणाऱ्या बाईच्या वेळेचे पैसे कोणी लावत नाही, आणि तिच्या छातीत जाणारा धूर कोणाच्या हिशेबात धरलेला नसतो. दारं-खिडक्या लावून खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवणं तर जिवाशी खेळ आहे. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो मारतो. हा वाद जुना आहे आणि त्यात चुलीच्या बाजूने उभं राहण्याचं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

उरला म्हाताऱ्या माणसांचा आणि लेकरांचा मुद्दा. तो मी हलक्यावारी घेत नाही, कारण गारठ्यात रक्तदाब चढतो आणि दमा बळावतो हे खरं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घरासाठी १८ अंशांची किमान मर्यादा सुचवली, तिचाही हवाला दिला जातो. मात्र ती मर्यादा समशीतोष्ण आणि थंड हवामानाच्या देशांच्या थंडीसाठी सुचवलेली आहे, हे सांगायचं राहून जातं. आणि आजारी माणसाची काळजी घेण्याचा सर्वांत स्वस्त मार्गही हीटरचा नाही. झोपलेल्या माणसाचं शरीर स्वतःच ७०-८० वॉट उष्णता देत असतं. ती अंगाभोवती अडवून धरली की खोली १२ अंशांवर असली तरी अंथरूण उबदार राहतं. पायाशी दोन लिटर गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवायला साधारण एका युनिटचा दहावा भाग पुरतो. अगदी आजारी माणसासाठी पहाटे तासभर हीटर लावला तर कोणाची हरकत नाही. घरातल्या सगळ्यांनी रात्रभर लावण्याचं समर्थन त्यातून होत नाही.

तेव्हा करायचं काय? खोली तापवण्याऐवजी आधी माणूस झाका आणि मग छप्पर. माण-फलटणकडे सनगर विणकर खड्डामागावर विणतात ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी चिंचोक्याच्या खळीमुळे सुरुवातीला टोचते, वापराने मऊ होते. तिच्या जाड धाग्यांत हवा अडकते आणि लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. खाली वाकळ आणि वर घोंगडी असली की लोणंदच्या थंडीला ते पुरतं, आणि त्याचे पैसे याच मातीतल्या मेंढपाळाला आणि विणकराला मिळतात. दुपारी खिडक्या उघडून ऊन आत घ्यावं, सूर्य कलला की लावून घ्याव्यात. दाराखालची आणि पत्र्याखालची फट बुजवावी. विजेचा खर्च करायचाच तर आंघोळीच्या पाण्यावर करावा, कारण वीस लिटरची बादली २० वरून ४० अंशांवर न्यायला अर्धं युनिट पुरतं. हीटरच्या एका रात्रीत अशा अठरा बादल्या तापतात. ऐपत असेल तर सौर बंब बसवावा, म्हणजे तोही खर्च जवळजवळ संपतो.

आणि हीटरसाठी बाजूला काढलेले पैसे पत्र्याखाली छत घालण्यात गुंतवावेत. ते छत जानेवारीच्या पहाटे घरातली ऊब आत अडवतं आणि एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची आग डोक्यावर येऊ देत नाही. लोणंदच्या माणसाला थंडीपेक्षा उन्हाळा जास्त छळतो. हीटर वर्षातले दहा महिने माळ्यावर पडून राहणार, हे छत मात्र दोन्ही ऋतूंत कामाला येणार, आणि त्यासाठी मीटरचं एकही युनिट फिरणार नाही. म्हणून घरकुलाच्या कामात ज्यांच्या शब्दाला वजन आहे, त्यांनी हीटरची शिफारस करण्याऐवजी पत्र्याखालच्या छताचा आग्रह धरावा.