बॉयकॉट हा शब्द कोणाचा?

‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द आतां आपल्या खेड्यांत इतका रुळला आहे, कीं बाजाराच्या दिवशीं पारावर बसलेल्या चार माणसांच्या तोंडून तो सहज ऐकूं येतो. अमक्या अडत्यावर बॉयकॉट, तमक्या निवडणुकीवर बॉयकॉट, आणि ज्यानें मुलीचें लग्न परजातींत करून दिलें त्याच्या घरावरहि बॉयकॉट! शब्द एक असला तरी ह्या तिन्ही गोष्टी एक नव्हेत, असें आमचें म्हणणें आहे. तें पटवून देण्यास शब्दाच्या जन्माची हकीकत सांगणें हाच सरळ मार्ग आम्हांस दिसतो.

इंग्रजी शब्द म्हटला, कीं तो लॅटिन किंवा ग्रीक भाषेंतून उतरला असावा, असें शिकलेला मनुष्य धरून चालतो. बॉयकॉट तसा नव्हे. तें एका माणसाचें आडनांव आहे. आणि तें भाषेंत घातलें तें पंडितांनीं नव्हे, तर बटाटे पिकवून त्यांवरच गुजराण करणाऱ्या कुळांनीं.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यास मेयो नांवाचा परगणा आहे. तेथें लॉर्ड अर्न ह्या जमीनदाराची जमीन होती. लॉर्डसाहेब स्वतः दुसरीकडे राहात आणि खंड वसूल करण्यास त्यांनीं चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्रज कारभारी ठेवला होता. लोक त्यास कॅप्टन म्हणत. वसुलीचा दहावा हिस्सा त्याचा. आपल्याकडील खोताचा किंवा इनामदाराच्या कारभाऱ्याचा नमुना ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ह्या गृहस्थाचें अधिक वर्णन नको.

त्या देशांत १८४५ सालापासून बटाट्यावर रोग पडून मोठा दुष्काळ झाला होता आणि त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासानें व रोगानें मेलीं होतीं. १८७९ सालीं पीक पुन्हां बुडालें, तेव्हां म्हाताऱ्यांच्या डोळ्यांपुढें तें सारें उभें राहिलें. त्याच वर्षीं मायकेल डेव्हिट, पार्नेल वगैरे पुढाऱ्यांनीं ‘लँड लीग’ म्हणजे कुळांची सभा स्थापन केली. डेव्हिट हा स्वतः जमिनीवरून हुसकून लावलेल्या कुळाचा मुलगा. लहानपणीं गिरणींत काम करतांना त्याचा उजवा हात गेला होता. अशा माणसास कुळाचें दुःख पुस्तकांत वाचावें लागत नाहीं.

१८८० सालच्या सप्टेंबरांत लॉर्ड अर्नच्या कुळांनीं खंडांत शेंकडा पंचवीस सूट मागितली. लॉर्ड दहाच देऊं म्हणाले. कुळांनीं ती नाकारली, तेव्हां बॉयकॉटनें अकरा कुळांवर बेदखलीच्या नोटिसा काढल्या. बेलीफ पोलीस घेऊन नोटिसा लावीत निघाला. तीन लागल्या, पुढच्या घरापाशीं बाया जमल्या आणि त्यांनीं चिखल, दगड व शेणखत ह्यांचा असा मारा केला, कीं बेलीफास कॅप्टनच्या घराचा आसरा घ्यावा लागला. मोठमोठ्या इतिहासांत ह्या बायांना एक ओळ मिळते. आमच्या मतें आरंभ त्यांनीं केला.

त्याच महिन्याच्या १९ तारखेस पार्नेलनें एनिस गांवीं सभा घेतली होती. बेदखल केलेल्या कुळाची जमीन दुसरा कोणी घेईल, तर त्याचें काय करावें, असें त्यानें विचारलें. सभेंतून आवाज निघाला, गोळी घाला! पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला उपाय आहे. त्याच्याशीं रस्त्यांत बोलूं नका, दुकानांत बोलूं नका, बाजारांत, देवळांतहि बोलूं नका. पूर्वीं महारोग्यास दूर ठेवीत तसें त्यास एकटें पाडा. महारोग्याची उपमा आम्हांस मुळींच रुचत नाहीं, पण मतलब ध्यानांत यावा.

मेयोच्या लोकांनीं हा उपाय खुद्द कारभाऱ्यावरच चालविला. बॉयकॉटचे गडी गेले, मोलकरणी गेल्या. लोहार घोड्याला नाल ठोकीना, परटीण कपडे धुईना, दुकानदार सामान देईना. शेतांत पीक उभें आणि कापायला हात नाहींत. सगळेच राजीखुशीनें गेले असें मात्र नव्हे. कांहींना धाकहि घालण्यांत आला होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. बॉयकॉटनें लंडनच्या ‘टाइम्स’ पत्रांत आपली कैफियत छापविली. मग उत्तरेकडून जमीनदारांच्या पक्षाचे पन्नास मजूर नोव्हेंबरांत आले आणि त्यांच्या रक्षणास सुमारें एक हजार शिपाई व पोलीस. बटाटे, सलगम वगैरे मिळून माल पांचशें पौंडांचा; तो काढून देण्याचा खर्च निदान दहा हजार पौंड! १ डिसेंबर १८८० रोजीं कॅप्टनसाहेब आयर्लंड सोडून इंग्लंडास गेले.

आतां शब्दाची गोष्ट. जेम्स रेडपाथ नांवाचा अमेरिकन बातमीदार तेव्हां तेथें होता. त्यानें लिहून ठेवलें आहे, कीं ह्या कृत्याला कोणता शब्द वापरावा ह्याचा विचार तो गांवचे पाद्री ओमॅली ह्यांच्यापाशीं करीत होता. इंग्रजींत ‘ऑस्ट्रसाइझ’ असा शब्द होता, पण तो कुळांना समजणार नाहीं. पाद्रीबोवांनीं जरा विचार केला आणि म्हणाले, ‘बॉयकॉट करणें’ म्हटलें तर कसें? दोन महिन्यांत तो शब्द वर्तमानपत्रांत पसरला. पुढें फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी अशा भाषांनीं तो जसाच्या तसा उचलला.

जो शब्द पाद्रीबोवांनीं टाकून दिला, त्याचीहि कुळकथा आमच्या कुंभार बंधूंस ऐकण्यासारखी आहे. प्राचीन अथेन्स शहरांत एखादा पुरुष फार शिरजोर झाला असें वाटलें, म्हणजे नागरिक फुटक्या मडक्याच्या खापरीवर त्याचें नांव कोरून टाकीत. खापरीला ग्रीक भाषेंत ‘ओस्ट्राकोन’ म्हणत. पुरेशा खापऱ्या पडल्या, कीं त्यास दहा वर्षें शहराबाहेर राहावें लागे. परंतु त्याची मालमत्ता कोणी घेत नसे. म्हणजे तेंहि हत्यार मोठ्यासाठींच होतें, गरीबासाठीं नव्हतें.

हें सारें वाचून कोणी म्हणेल, हें शहाणपण आपण परक्यांकडून शिकलों. तें खरें नव्हे. बॉयकॉटच्या सहा वर्षें आधीं, १८७४ सालच्या डिसेंबरांत, पुणें जिल्ह्यांतील शिरूर तालुक्यांत कर्डे गांवीं काळूराम सावकारानें बाबासाहेब देशमुखांवर दीडशें रुपयांचा हुकूमनामा मिळवून त्यांचें घर पाडावयास घेतलें. गांव खवळलें. सावकारांचें शेत कोणी करीना, न्हावी हजामत करीना, पाणी कोणी भरीना, दुकानावर कोणी चढेना. सावकार कंटाळून शिरूरास राहावयास गेले. हें लोण इतर गांवीं पसरलें, आणि १२ मे १८७५ रोजीं सुप्यास दंगा होऊन कर्जखतांच्या होळ्या पेटल्या. तिकडे आयर्लंडांत १८८१ सालीं वाजवी खंडाचा कायदा झाला, इकडे १८७९ सालींच दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला होता. कर्ड्याच्या न्हाव्याचें नांव कोणत्याहि भाषेंत गेलें नाहीं, एवढाच काय तो फरक. पुढें १८९० सालीं मुंबईच्या न्हावी बंधूंनीं ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या पुढाकारानें विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाहीं, असा निश्चय केला. तोहि ह्याच जातीचा.

मग बिघडलें कोठें? बिघडलें भाषांतरांत. १९०५ सालच्या वंगभंगाच्या चळवळींत ‘बॉयकॉट’ला प्रतिशब्द म्हणून ‘बहिष्कार’ हा शब्द मराठींत पक्का झाला. पण हा शब्द कांहीं नवा कोरा नव्हता. बहिष्कार, ग्रामण्य, वाळीत टाकणें, हें आपल्या देशांत शेंकडों वर्षें वरून खालीं पडणारें हत्यार होतें. जोतीराव व सावित्रीबाई ह्यांना १८४९ सालीं बापाचें घर सोडावें लागलें, तें ह्याच भयानें. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं चहा घेतल्यावरून ग्रामण्य माजलें, तेव्हां रानडे-टिळकांसारख्यांनाहि प्रायश्चित्ताची वाट धरावी लागली! कुळांच्या हातचें हत्यार आणि धर्ममार्तंडांच्या हातचें हत्यार ह्या दोहोंस एकच नांव पडलें. तेव्हांपासून दुसरें पहिल्याचा अंगरखा घालून हिंडतें.

भटजींकडे बोट दाखवून येथें थांबणें सोपें आहे, पण तें आम्ही करणार नाहीं. मुंबई सरकारनें १९२८ सालीं स्टार्ट कमिटी नेमली, डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते. अस्पृश्यांनीं आपला हक्क मागितला, कीं गांवकरी त्यांची कसावयाची जमीन काढून घेतात, काम बंद करतात, वहिवाटीचा रस्ता अडवितात आणि वाण्याकडून मीठमिरची बंद करवितात, असें तिच्या अहवालांत नमूद आहे. ते गांवकरी कोण? जमीन असलेले, म्हणजे बहुतेक ठिकाणीं तुम्ही-आम्हीच. मेयोंत हेंच झालें होतें ना, असें म्हणणाऱ्यास आमचें उत्तर असें, कीं बॉयकॉटच्या मदतीस एक हजार शिपाई आले आणि त्याला परत जावयास इंग्लंड होतें. ज्या मजुराची गिरणी, दुकान आणि रोज बंद केला, त्याच्यासाठीं कोण येतें, आणि तो कोठें जातो?

तोच प्रश्न जातपंचायतीसहि आहे. पोरीनें आपल्या पसंतीचें लग्न केलें म्हणून आईबापांस मयतीला खांदा मिळूं द्यावयाचा नाहीं, आणि त्यास म्हणावयाचें जातीची एकी! एकी कोणाविरुद्ध? एका म्हाताऱ्याविरुद्ध? अडत्यानें मापांत मारलें तर त्याच्याकडे माल घालूं नये, ह्यासाठीं हेच पंच एक बैठक बोलावीत नाहींत.

डॉ. आंबेडकरांनीं १९३० सालीं गोलमेज परिषदेच्या वेळीं मागणी केली, कीं असा बहिष्कार हा गुन्हा ठरवावा. कलमेंहि त्यांनीं ब्रह्मदेशाच्या १९२२ सालच्या बहिष्कारविरोधी कायद्यावरून बेतून दिलीं होतीं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानें तसा कायदा केला तो २०१६ सालीं, आणि तो अंमलांत आला ३ जुलै २०१७ पासून. मध्यें सत्त्याऐंशी वर्षें गेलीं. त्याप्रमाणें सामाजिक बहिष्कार टाकणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. तक्रार पोलिसांत करतां येते, मॅजिस्ट्रेटकडेहि करतां येते. ज्या घरावर असा प्रसंग आला असेल, त्यांनीं पंचांची बैठक कोठें, कोणत्या दिवशीं झाली आणि कोण कोण हजर होते, हें त्याच दिवशीं कागदावर तारीख घालून लिहून ठेवावें. स्वतःस लिहितां येत नसेल तर पोराकडून लिहवून घ्यावें.