न मोजलेले श्रम

पंक्चर झालेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी, जागा कोरडी करून घासावी, सोल्यूशन लावून किंचित सुकू द्यावे आणि ठिगळ दाबून बसवावे. हे काम दुकानात करून घेतले, तर ते राष्ट्रीय उत्पन्नात जमेस धरले जाते. छंद म्हणून घरी केले, तर नाही. घरच्या वस्तूंची घरच्यांनीच केलेली दुरुस्ती संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीने उत्पादनाच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. मोजदादीच्या सोयीसाठी ते ठीकच. परंतु जे मोजले जात नाही ते निरर्थक, हा समज घातक होय.

सायकल घरी दुरुस्त होते, कारण तिचे अंतरंग उघडे असते आणि सुटे भाग सर्वत्र मिळतात. चिकटवून बंद केलेल्या मोबाईलपुढे मात्र पाना-पक्कड हतबल ठरतात. स्वीडनने २०१७ साली सायकलदुरुस्तीवरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणला होता. आपल्या केंद्र शासनानेही २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’विषयी समिती नेमली. हे स्वागतार्हच आहे.

पण हक्क मिळूनही हात अजाणच राहिले, तर त्याचा उपयोग काय? कोठारी आयोगाने १९६६ सालीच कार्यानुभवाची शिफारस केली होती. पुष्कळ शाळांत ती गुणपत्रिकेतील एका रकान्यापुरती उरली. वर्गाच्या कोपऱ्यात एक जुनी सायकल आणि चार हत्यारे ठेवण्यास मोठे अनुदान लागत नाही. लागते ती हाताच्या कामाविषयीची आस्था. तिची उणीव कोणताही कायदा भरून काढू शकणार नाही.