जोगत्यांविषयी कोणी लिहावे?

मार्गशीर्षात सौंदत्तीच्या डोंगरावरील रेणुकेची यात्रा आटोपून भाविक परतले, म्हणजे कोल्हापुरात ओढ्यावरच्या रेणुकेपुढे आंबील यात्रा भरते. डोक्यावर देवीचा जग घेतलेले, लुगडे नेसलेले, कपाळी भंडारा माखलेले जोगते त्या गर्दीत असतात. जी मंडळी त्या दिवशी त्यांच्या पायांवर डोके ठेवतात, त्यांच्याकडे ह्याच जोगत्यांनी एखादी खोली भाड्याने मागितली, तर ती मिळणे दुरापास्त! ह्या विसंगतीची आपणांस इतकी सवय झाली आहे की, तिच्यात विचार करण्यासारखे काही आहे असे आपल्या सुशिक्षित समाजाला वाटत नाही. विद्वानांना मात्र ते वाटू लागले आहे. आणि त्यांनी काढलेले निष्कर्ष कोल्हापूरकरांना विशेष अडचणीत टाकणारे आहेत, म्हणून त्यांचा परामर्श येथे घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अडचण अशी. ह्या शहराची सुधारणेची परंपरा मोठी आहे. मुली देवाला वाहण्याच्या चालीविरुद्ध राजर्षी शाहू महाराजांनी 1920 साली कायदा केला. पुढे गडहिंग्लज-गारगोटीच्या मातीतले लेखक डॉ. राजन गवस ह्यांनी ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ ह्या कादंबऱ्यांतून जोगतिणींच्या आणि जोगत्यांच्या वाट्याला आलेले जिणे मराठी वाचकांपुढे प्रथमच इतक्या निर्भीडपणे मांडले. त्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा चित्रपट 2009 साली आला व राष्ट्रीय पुरस्कारांनी गौरविला गेला. एखाद्या व्याधीच्या खुणेला देवीची हाक समजून धडधाकट तरुणाला लुगडे नेसविणारे गाव, आणि त्या लुगड्यात कोंडला गेलेला पुरुष, हे त्यातील चित्र ज्याने पाहिले तो ते विसरू शकणार नाही. जोगत्या म्हणजे अंधश्रद्धेचा बळी, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले ते ह्या वाङ्मयामुळे; आणि ते खोटे नव्हे.

परंतु ते पुरेही नव्हे. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ लुसिंडा रॅम्बर्ग ह्यांनी उत्तर कर्नाटकात यल्लम्माच्या जोगतिणींमध्ये राहून केलेला अभ्यास 2014 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. देवीशी लागलेले लग्न हे त्या माणसांच्या दृष्टीने खरेखुरे नाते आहे, त्यातून वारसा, घर व कर्तव्ये ही सर्व उत्पन्न होतात. आणि जट कापून ‘मुक्त’ करणारा सुधारक पुष्कळदा ज्याला मुक्त करावयाचे त्याला विचारीतच नाही, असा त्यांचा रोख आहे. पुरुष म्हणून जन्मलेल्या, परंतु स्वतःला स्त्री मानणाऱ्या जोगप्पांविषयी तर हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. ज्याला घरात, शाळेत, बाजारात कोठेच जागा नव्हती, त्याला यल्लम्माच्या दारी तरी नाव मिळाले, वेष मिळाला, गुरू मिळाला. कर्नाटकातील मंजम्मा जोगती ह्यांनी ह्याच परंपरेतील नृत्य आयुष्यभर जोपासले, त्या राज्याच्या जानपद अकादमीचे अध्यक्षपद भूषविले, आणि 2021 साली पद्मश्री मिळविली. त्यांना केवळ अंधश्रद्धेचा बळी म्हणावयास आमची लेखणी धजत नाही.

मग खरे काय? आमच्या मते दोन्ही खरे आहे, परंतु एकाच माणसाच्या बाबतीत नव्हे. एकाला लुगडे सक्तीने नेसविले जाते, दुसऱ्याला ते नेसल्यावाचून जगणे अशक्य असते. आणि गाव दोघांच्याही कपाळी सारखाच भंडारा लावते. त्यांच्यातील भेद बाहेरून दिसत नाही. तो ज्याचा त्यालाच विचारावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजीच्या निकालात आपले लिंग कोणते हे सांगण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच, असे म्हटले ते ह्याच अर्थाने. सुधारकाने हा प्रश्न विचारला नाही, हा त्याच्यावरील आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण परंपरेनेही तो कधी विचारला नव्हता, ह्याची आठवण नव्या विद्वानांस देणे आवश्यक आहे. आश्रय देणारे देऊळ आणि पोटासाठी जोगवा मागावयास लावणारे देऊळ ही दोन देवळे नव्हेत.

इतिहासाच्या अंगानेही बरेच नवे हाती आले आहे. लॉरेन्स प्रेस्टन ह्यांनी 1987 सालीच दाखवून दिले होते की, मराठी राजवटीत हिजड्यांना भिक्षेचे परंपरागत हक्क व काही ठिकाणी इनामेही होती, आणि कंपनी सरकारला ती कशी चालू ठेवावीत ह्याचा मोठा पेच पडला होता. जेसिका हिंची ह्यांच्या 2019 सालच्या ग्रंथात पुढील प्रकरण आहे : 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली उत्तर हिंदुस्थानात ह्या लोकांची पोलिसी नोंदवही ठेवली गेली, आणि स्त्रीवेष व नाचगाणे ह्यांवर बंदी आली. आज जी घृणा आपण सनातन समजतो, तिच्यातील बराच भाग विलायती सरकारने घडविलेला आहे. (सगळाच नव्हे, तेवढे श्रेय परक्यांस देण्याचे कारण नाही.)

ही सारी पुस्तके इंग्रजीत आहेत. ज्या मराठी कागदांवर आपला इतिहास उभा राहतो, ते वाचावयास परदेशातून माणसे येतात आणि निष्कर्ष परदेशातच छापतात. मराठीत जे झाले ते बहुधा विद्यापीठांच्या बाहेर झाले. श्री. विजय तेंडुलकर ह्यांच्या ‘मित्राची गोष्ट’ नाटकाने 1981 साली स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री रंगभूमीवर आणली. श्री. सचिन कुंडलकर ह्यांची ‘कोबाल्ट ब्लू’ 2006 सालची. पुण्याचे श्री. बिंदुमाधव खिरे ह्यांनी 2002 साली समपथिक ट्रस्ट स्थापन केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनू’ ह्यांसारखी पुस्तके लिहिली. समलिंगी मुलाच्या आईबापांना साध्या मराठीत काही सांगणारे लेखन त्यापूर्वी जवळजवळ नव्हतेच. श्रीमती लक्ष्मीनारायण त्रिपाठी ह्यांचे आत्मकथन मराठीत आधी आले, इंग्रजीत मागाहून गेले; मराठीला अभिमान वाटावा अशा थोड्या गोष्टींपैकी ही एक.

ह्या यादीत कोल्हापूरच्या जोगत्याचे स्वतःच्या तोंडचे कथन असावयास हवे. 2011 च्या शिरगणतीत ‘इतर’ ह्या रकान्यात महाराष्ट्रात 40,891 माणसे नोंदली गेली. त्यांपैकी जोगते किती हे तो रकाना सांगत नाही, कारण हिजडा, जोगत्या, स्त्री होऊ पाहणारा महाविद्यालयीन तरुण ह्या सर्वांना त्याने एकाच पोत्यात भरले आहे. समलिंगी तर त्यात बसतच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी त्यांना गुन्हेगारीच्या कलंकातून मोकळे केले, पण 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्यांच्या विवाहास मान्यता देण्याचे नाकारले.

शिवाजी विद्यापीठापासून ओढ्यावरच्या रेणुकेचे देऊळ फार दूर नाही. सौंदत्तीच्या वाटेवरील बोली, चौंडक्यावरची गाणी, जोगत्यांची गुरुपरंपरा, आणि ती सोडू इच्छिणाऱ्यांची हकीकत, हे सारे मराठी-कन्नड सीमेवरच्या दोन्ही भाषा समजणाऱ्या येथल्या विद्यार्थ्याला जितके उलगडेल, तितके सातासमुद्रांपलीकडून आलेल्या पाहुण्याला उलगडणार नाही. मराठी, इतिहास आणि समाजशास्त्र ह्या विभागांनी मिळून हे काम अंगावर घ्यावे, सांगणाऱ्यास त्याच्या वेळेचा मोबदला द्यावा, लिहिलेले त्याला वाचून दाखवावे, आणि त्याने नको म्हटलेले छापू नये. पुढल्या आंबील यात्रेपूर्वी ह्याला प्रारंभ होण्यास पैशाची अडचण आहे असे आम्हांस वाटत नाही.